जोडारीची पद्धत

जोडारीला एका जागी बसवत नसे. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या त्या दुकानात त्याच्यासाठी गादीची, चाकांची, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची होती, आणि बावीस वर्षांत त्या खुर्चीवर सगळ्यात जास्त कोण बसलं असेल तर त्याची पिशवी. तो काम उभ्यानं करायचा. टेबलाभोवती फिरत, दोन स्क्रू ओठांत धरून, मधेच खिडकीशी जाऊन खाली रस्त्यावर नजर टाकून परत. नवं गिऱ्हाईक त्याला बघून आधी चरकायचं. हा माणूस आपलं मशीन जोडणार की दुकान सोडून पळणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. पण दोन तासांत मशीन उभं राहायचं आणि आतल्या वायरी अशा नीट वळवून बांधलेल्या असायच्या की बघणाऱ्याची बोलती बंद व्हायची.

जोडारी हे नाव दुकानाच्या मूळ मालकानं ठेवलेलं. तरुणपणी हा एका कारखान्यात जोडारी, म्हणजे फिटर, म्हणून लागला होता. कारखान्याला टाळं लागलं आणि हातातली कानस जाऊन स्क्रूड्रायव्हर आला, तरी नाव काही गेलं नाही. मालक जाऊन आता सहा वर्षं झाली होती. दुकान त्यांची बायको चालवायची. तिला सगळे बाई म्हणत. बाईंना मशीनमधलं फारसं कळत नसे, पण माणसांमधलं कळत असे, आणि दुकानाला तेवढं पुरत होतं. दुसरा मजला, वर यायला लोखंडी जिना, छतापर्यंत रचलेली खोकी, एक काउंटर आणि खिडकीपाशी जोडारीचं टेबल. एवढाच सगळा पसारा.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट त्याला न विचारता हलायला लागलं. आधी त्यानं चहाला दोष दिला, मग झोपेला, मग उशीला. चहा सोडला, उशी बदलली, बोटं हलतच राहिली. सारखी नाही. हात कामात असला की कमी, अधांतरी धरला की जास्त. बाकी कामं तो रेटून न्यायचा. स्क्रूड्रायव्हरला लोहचुंबक असतं, मेमरीची पट्टी दाबली की खटकन बसते, वायरींना तर थोडं इकडंतिकडं झालेलं चालतं. एकच गोष्ट कशालाच माफ करत नाही, ती म्हणजे प्रोसेसर बसवणं. मदरबोर्डवर त्याच्यासाठी एक चौकोनी घर असतं, सॉकेट, त्यात केसाहून बारीक अशा हजारावर पिना उभ्या असतात. प्रोसेसर कडांना धरायचा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवायचा आणि सरळ खाली सोडायचा. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. कोपरा जरा टेकला की पिना आडव्या होतात आणि अख्खा बोर्ड कामातून जातो.

त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. बाईंना नाही, घरी बायकोलाही नाही. कारण त्यानं आपल्या वडिलांना पाहिलं होतं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा हात असाच एका वर्षात गेला, आणि मग आठ वर्षं ते खिडकीतल्या खुर्चीवर बसून होते. कुणी घड्याळ घेऊन आलं की ते आतून ओरडून सांगायचे, घरात कुणी नाही म्हणा. जोडारीला एका जागी बसवत नव्हतं ते तेव्हापासून. डॉक्टरकडे जायचा विचार मनात आला की त्याला ती खुर्ची दिसायची, आणि तो विचार तिथंच सोडून चालायला लागायचा.

म्हणून त्यानं एक पद्धत काढली. प्रोसेसर बसवायची वेळ आली की तो बाजूला व्हायचा आणि गिऱ्हाइकाला गंभीरपणे म्हणायचा, "आमच्याकडे पद्धत आहे. मशीनचा मेंदू ज्याचं मशीन त्याच्याच हातानं बसवायचा. मशीन लाभतं." पहिल्यांदा असं बोलला तेव्हा त्याची स्वतःचीच जीभ चाचरली होती. पण लोकांना ते इतकं आवडलं की काही विचारू नका. कुणी हात धुऊन यायचं, कुणी फोटो काढायचं. एक आजोबा तर नातवाचं मशीन स्वतः बसवायला मिळालं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायला आले. गोष्ट कर्णोपकर्णी झाली, लोक पद्धत विचारत जिना चढू लागले. बाई खूश झाल्या. फक्त व्यवहाराला पक्क्या असल्यामुळे त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला: स्वतः बसवताना बोर्ड खराब झाल्यास जबाबदारी ग्राहकाची. जोडारीनं तो कागद वाचला होता. वाचून खिडकीशी गेला होता.

फुलांच्या दुकानात काम करणारी ती मुलगी या पद्धतीचं ऐकूनच आली. चोवीस-पंचवीसची असेल, नखांत देठांचा हिरवा डाग, हातात एक यादी. तिला दोन गोष्टींसाठी मशीन हवं होतं. एक म्हणजे गेम. तिचा मोठा भाऊ कामासाठी लांब गेला होता, आणि रविवारी दोघं एकाच गेममध्ये उतरून खेळता खेळता गप्पा मारायचे. जुन्या लॅपटॉपवर तो गेम दर पाच मिनिटांनी थिजायचा आणि भावाचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. दुसरं, ती आसपासच्या छोट्या दुकानांचे व्हिडिओ करून द्यायची, शिंप्याचे, केक करणारीचे, आणि फोनवर तुकडे जोडता जोडता तिच्या नाकी नऊ यायचे. या कामाला हात-पाय फुटले तर तिला फुलांच्या दुकानातली पहाटेची पाळी सोडता येणार होती. पैसे तिनं अकरा महिने साठवले होते आणि त्यात वाढ होणार नव्हती, हे तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं.

जोडारीनं तिची यादी घेतली आणि टेबलाभोवती फेऱ्या मारत वाचली. यादीत निम्मा जीव दिव्यांच्या पंख्यांत आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये होता. त्यानं सगळे दिवे खोडले. दिव्यांनी गेम पळत नाही, म्हणाला. त्याऐवजी सहा कोअरचा प्रोसेसर, मेमरी सोळा जीबीची पण एका पट्टीत नको, आठ-आठच्या दोन, म्हणजे व्हिडिओचं काम अडखळत नाही. ग्राफिक्स कार्ड मधल्या ताकदीचं, पण मेमरी बरी असलेलं. चकतीवाली डिस्क अजिबात नको, एसएसडीच. आणि पॉवर सप्लाय तिनं सगळ्यात स्वस्त लिहिला होता, तिथं तो थांबला. वीज देणाऱ्यावर हात आखडता घेशील तर एक दिवस बाकी सगळं घेऊन जाईल तो, म्हणाला. कॅबिनेट साधं, पत्र्याचं, पण पुढून जाळीचं, वारा खेळता राहील असं. मुलीनं खोडलेल्या दिव्यांकडे एकदा खंतावून पाहिलं आणि मान हलवली. उरलेल्या पैशात माऊस बसत होता.

शनिवारी दुपारी ती आपलं मशीन जोडून घ्यायला आली. येतानाच तिनं फोनचा छोटा स्टँड आणला होता. तिला सगळ्या जोडणीचा व्हिडिओ करायचा होता, आणि हीच तिच्या नव्या मशीनवरची पहिली कामगिरी असणार होती. जोडारीनं खोकी उघडली, बोर्ड टेबलावर ठेवला, गंभीर चेहरा केला, पद्धतीचं वाक्य म्हटलं आणि प्रोसेसर कसा धरायचा ते नीट सांगितलं.

मुलगी दोन पावलं मागं सरली. ऐकलं होतं पण आता धीर होत नाही, म्हणाली. "माझा हात थरथरेल, काका. तुम्हीच बसवा. मी तुमच्या हातांचंच शूट करते."

काउंटरवरून बाई म्हणाल्या की मग बसवा की, व्हिडिओत दुकानही येईल. जोडारीनं हो म्हटलं आणि मग प्रोसेसर सोडून जगातलं बाकी सगळं केलं. मेमरीच्या पट्ट्या बसवल्या. एसएसडी बसवली. कॅबिनेटमध्ये बोर्डखालचे पितळी पाय पिळले, ते मोजले, पुन्हा मोजले. पॉवर सप्लाय आत टाकला. इतक्या वर्षांत त्यानं असा उलटा क्रम कधी लावला नव्हता. पूर्वी दुकानात शिकाऊ पोरं असायची तेव्हा तो त्यांना आधी प्रोसेसर, मगच बाकीचं, असं दटावून सांगायचा. मुलीला त्यातलं काय कळणार, ती आपली मन लावून शूट करत होती. शेवटी टेबलावर करण्यासारखं काही उरलं नाही. त्यानं सॉकेटचा खटका उघडला, पिनांवरची काळी टोपी काढली, आणि तेवढ्यात मुलीचा फोन वाजला.

भावाचा फोन होता. एक मिनिट हं काका, म्हणून ती फोन घेऊन जिन्यावर गेली. बाई मागच्या खोलीत कुठलंसं खोकं शोधत होत्या. जोडारीला वाटलं, हीच वेळ. कुणी बघत नाही, कॅमेरा नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानं प्रोसेसर उचलला, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि श्वास रोखला. हात खाली जाईपर्यंत ठीक होता. सोडायच्या क्षणी अंगठ्यानं झटका दिला. कोपरा आधी टेकला आणि बोटभरही नाही, नखाएवढा सरकला.

त्यानं प्रोसेसर लगेच उचलून त्याच्या डबीत ठेवला. दिवा खाली ओढून पाहिलं. पिना जागच्या जागी असल्या की सगळ्यांवर उजेड सारखा पडतो. एका कोपऱ्यात उजेड तुटला होता. चार पिना, कदाचित पाच. पूर्वी अशा पिना तो सुईनं एकेक उभ्या करायचा, लोक लांबून घेऊन यायचे त्याच्याकडे. आता सुई धरायचीही सोय नव्हती. तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

मुलगी उड्या मारतच जिन्यावरून आत आली. भाऊ तिला ओरडला होता म्हणे. अकरा महिने फुलं उचललीस आणि आता एवढंसं उचलायला घाबरतेस होय, तूच बसव. "काका, मीच बसवते," ती म्हणाली, आणि स्टँडवर फोन लावून बाह्या वर सारल्या.

इथं जोडारीनं बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्या तोंडात आलाही होता, पण त्याच वेळी बाई खोकं घेऊन बाहेर आल्या आणि कौतुकानं उभ्या राहिल्या, आणि जोडारी मूग गिळून बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला, पिशवी खाली ठेवून त्या चाकांच्या खुर्चीवर. त्याची सगळी चुळबुळ थांबली. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

मुलीनं प्रोसेसर कडांना धरला, त्रिकोण जुळवला आणि सरळ खाली सोडला. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. खटका लावला, टाळ्या वाजवल्या. पुढचं जोडारीनं यंत्रासारखं केलं. प्रोसेसरवर उष्णता ओढणारी पेस्ट, पंखा, बोर्ड कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्ड, वायरी. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला, आणि बोर्डावर प्रोसेसरपाशी एक बारीक लाल दिवा लागून राहिला.

पाच मिनिटं सगळे त्या दिव्याकडे बघत होते. मग बाईंनीच पंखा उतरवायला सांगितला, भिंग घेतलं आणि सॉकेटमध्ये पाहिलं. एवढं त्यांनाही कळत होतं. त्यांनी भिंग मुलीच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या कागदाकडे एकदा नजर टाकली.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. नवा बोर्ड घ्यायचा म्हणजे ग्राफिक्स कार्ड परत करायचं, आणि ते गेलं की गेमही गेला आणि व्हिडिओही. पण ती भांडली नाही. तिनं फोन उचलला आणि तो तुकडा लावला. स्वतःचा हात खाली जाताना पाहिला, मागं नेला, पुन्हा पाहिला. हळू वेगात पाहिला. हात सरळ जात होता, प्रत्येक वेळी सरळच. चौथ्यांदा पाहून तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं," ती म्हणाली. "इथं हललाय वाटतं माझा हात. सॉरी काका. तुम्ही एवढं नीट सांगितलं होतं."

जोडारी खुर्चीतून उठला. त्याला वाटलं आता आपण खिडकीशी जाणार, पाय तिकडेच वळले होते. पण तो तिथंच उभा राहिला.

"तुझा नाही हलला," तो म्हणाला. "माझा हलला. तू जिन्यावर होतीस तेव्हा."

आणि मग त्याला थांबताच येईना. पद्धत-बिद्धत काही नाही, म्हणाला. कधीच नव्हती. चार महिने झाले, हात ऐकत नाही, म्हणून लोकांच्या हातून बसवून घेतो आणि वर त्यांना मशीन लाभेल म्हणून सांगतो. आज मोडलेलं बघूनही तिला बसवू दिलं, कारण कागद भिंतीवर होता. हे शेवटचं वाक्य बोलताना त्याला स्वतःचीच किळस आली. त्यानं दोन्ही हात पुढं धरले. डावा गप्प होता, उजवा हलत होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं तो कुणासमोर असा धरला होता.

बाईंनी रागावून काही म्हटलं असतं तर जोडारीला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, भिंतीवरचा कागद काढून त्याची घडी घातली, आणि फळीवरून तसलाच दुसरा बोर्ड काढून टेबलावर ठेवला. मुलीला म्हणाल्या, हा दुकानाकडून. जोडारी म्हणाला की माझ्या पगारातून कापा. ते मी बघीन, असं बाईंनी त्याला तोडून टाकलं.

मुलगी बोर्डाकडे बघत राहिली. तिला राग आला होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "मी घरी जाऊन रात्रभर रडले असते, काका," ती म्हणाली. मग तिनं खुर्ची ओढली. "आता सांगा. सगळं मीच करणार. तुम्ही फक्त सांगायचं."

बावीस वर्षांत जोडारीनं कुणाला नुसतं सांगून मशीन जोडून घेतलं नव्हतं. सांगण्यापेक्षा करणं सोपं असतं, हे त्याला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. तो हात काखेत दाबून तिच्या मागं उभा राहिला. घाई नको, म्हणत होता, आणि स्वतः जागच्या जागी पाय बदलत होता. पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नको. पंख्याच्या पिना समोरासमोरच्या दाब, एका बाजूच्या नको. ती वायर मागून घे, पंख्यात अडकेल. दोनदा त्याचा हात आपोआप पुढं गेला आणि दोनदा तिनं तो कोपरानं बाजूला सारला. दोन तासांचं काम साडेतीन तासांनी संपलं. वायरी त्याच्या हातच्या होतात तशा झाल्या नव्हत्या. एका ठिकाणी गुंता होता, तो त्याला शेवटपर्यंत खुपत राहिला.

पडदा उजळला. मुलीनं गेम चढवला, मग एक व्हिडिओ उघडून दोन तुकडे जोडून पाहिले, तापमानाचा आकडा पाहिला, आणि मशीन बंद करून खोक्यात भरायला घेतलं. दारात ती थांबली. "हे सगळं व्हिडिओत ठेवू का?" तिनं विचारलं. जोडारीनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, त्यांना विचार, हात त्यांचा आहे.

"ठेव," जोडारी म्हणाला.

ती गेल्यावर दुकान रिकामं झालं. जोडारीनं स्क्रू डबीत भरले, टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. बाई काउंटरवरून म्हणाल्या की उद्या रविवार, परवा सुट्टी घ्या आणि आधी डॉक्टरकडे जा. मंगळवारी या.

"मंगळवारी कुठं बसू?" त्यानं विचारलं.

"टेबलाशी नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, आणि त्याबद्दल त्याला त्यांचा आदर वाटला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की टेबलाला नवा माणूस लागेल आणि त्याला सांगणारा कुणीतरी लागेल, पण ते जमतंय का ते बघावं लागेल, आत्ताच वचन देत नाही. जोडारीनं मान हलवली आणि पिशवी उचलली.

जिना उतरून तो बसच्या थांब्यापर्यंत गेला, तिथून पुढच्या थांब्यापर्यंत गेला, तिथूनही पुढं चालत राहिला. आठ-दहा वेळा फोन खिशातून काढून परत ठेवला. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबून त्यानं बायकोला फोन लावला आणि तिनं हॅलो म्हणताच एका दमात बोलून टाकलं. हात हलतोय, बरेच दिवस झाले, परवा डॉक्टरकडे जायचंय, एकट्यानं जायला भीती वाटते.

"अहो, डॉक्टरांकडे नंबर मी गेल्या महिन्यातच लावला होता," बायको म्हणाली. "दोनदा पुढं ढकलला. म्हटलं, तुम्ही तोंडानं सांगाल तेव्हा जाऊ." तिचा आवाज फुटला, मग तिनं तो सावरला. "सोमवारी सकाळी साडेदहाचा आहे. तुम्ही कुठे आहात आत्ता?"

जोडारीनं इकडंतिकडं पाहिलं. तो कुठं आला होता ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

"तिथंच थांबा," ती म्हणाली. "हलू नका. मी येते."

तो पायरीवर बसला आणि ती येईपर्यंत उठला नाही.